पीएचपीची एक्सटेन्शने व देवनागरीचे मोजमाप : एक परीक्षण

पीएचपी ह्या भाषेस सी भाषेत लिहून कंपाइल केलेली एक्सटेन्शने जोडावयाची ती केवळ वेगासाठी, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज अर्धसत्य होय. मराठी मजकुराच्या बाबतीत तर प्रश्न वेगाचा नसून अचूकपणाचा आहे, आणि तोच येथे तपासावयाचा आहे.

पिंपरी, चिंचवड व चाकण ही तीन नावे उदाहरणादाखल घ्यावीत. यूटीएफ-८ पद्धतीने लिहिली असता पीएचपीचे मूळ ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन त्यांची लांबी अनुक्रमे १८, १८ व १२ सांगते. कारण ते बाइट मोजते. ‘एमबीस्ट्रिंग’ हे एक्सटेन्शन युनिकोडची चिन्हे मोजून ६, ६ व ४ असे उत्तर देते. मराठी वाचक मात्र मात्रा व अनुस्वार अक्षरापासून वेगळे मोजत नाही; त्याच्या लेखी ही संख्या ३, ४ व ३ अशी आहे. हे तिसरे उत्तर ‘इंटल’ ह्या एक्सटेन्शनकडून मिळते. हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नव्हे. एखाद्या अर्जातील ‘पिंपरी’ हे नाव दहा बाइटांवर तोडले, तर ‘पिं’ एवढेच शिल्लक राहते व त्यापुढे एक निरर्थक बाइट लोंबत राहतो.

‘इंटल’चा इतिहास बोधप्रद आहे. पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीत युनिकोड भाषेच्या गाभ्यातच सामावून घेण्याचा संकल्प होता. त्यासाठी सर्व मजकूर अंतर्गत यूटीएफ-१६ स्वरूपात ठेवावयाचा होता. स्मृतीचा वाढता खर्च, पदोपदी करावे लागणारे रूपांतर व असंख्य फंक्शनांची फेररचना ह्या भाराखाली तो संकल्प २०१० साली सोडून द्यावा लागला. उलट, आयसीयू ह्या प्रगल्भ ग्रंथालयास पीएचपीशी जोडणारे ‘इंटल’ २००९ साली ५.३ ह्या आवृत्तीबरोबर आले व टिकले. गाभ्यास जे पेलले नाही ते जोडभागाने साधले.

तथापि ह्या सोयीची किंमतही मोजावी लागते. भोसरीच्या कारखान्यात घडलेला सुटा भाग चाकणच्या असेंब्ली लाइनवर बसावयाचा, तर त्याचे माप गेजला उतरले पाहिजे. एक्सटेन्शनचेही तसेच आहे. ज्या आवृत्तीसाठी ते कंपाइल झाले त्या आवृत्तीचा एपीआय क्रमांक जुळला नाही, तर पीएचपी ते स्वीकारीतच नाही. २०१५ मध्ये सातव्या आवृत्तीने ‘झीव्हॅल’ ह्या मूलभूत रचनेचा आकार, ६४-बिट यंत्रांवर, २४ बाइटांवरून १६ वर आणला आणि संदर्भगणनेची जागा बदलली. भाषेचा वेग वाढला. पण जुन्या एक्सटेन्शनांच्या कर्त्यांना आपले काम पुन्हा हाती घ्यावे लागले.

दुसरी जोखीम याहून गंभीर आहे. पीएचपीत लिहिलेल्या प्रोग्रामातील चूक बहुधा एका संदेशावर निभावते. सीमधील चुकीने मात्र विनंती हाताळणारी प्रक्रियाच कोसळू शकते. संदर्भगणनेत एक वाढवावयाचा राहिला तर वापरातील स्मृती अकाली मोकळी होते. एक घटवावयाचा राहिला तर ती अडकून पडते.

शिवाय एक्सटेन्शनचे उत्तर त्याच्या पाठीशी असलेल्या ग्रंथालयावर अवलंबून असते. ‘क्ष’ हे मराठी माणसाच्या दृष्टीने एकच अक्षर, युनिकोडमध्ये मात्र तीन चिन्हे. देवनागरीतील अशी जोडाक्षरे एक घटक मानण्याचा नियम युनिकोडने आपल्या प्रमाणात २०२३ साली, १५.१ ह्या आवृत्तीत, समाविष्ट केला. म्हणजे एकच पीएचपी प्रोग्राम दोन संगणकांवर एकाच शब्दाची दोन मापे देऊ शकतो, आणि प्रोग्रामात दोष कोठेच सापडत नाही. अभ्यासकाने पीएचपीबरोबर आयसीयूची आवृत्तीही नोंदवावी, हे यावरून ओघानेच येते.

निव्वळ वेगाचा युक्तिवाद आता दुबळा झाला आहे. आठव्या आवृत्तीत, २०२० साली, पीएचपीला जेआयटी कंपायलर लाभला. सी ग्रंथालयातील फंक्शन थेट बोलावण्याची एफएफआय ही सोय त्यापूर्वीच, २०१९ मध्ये, ७.४ ह्या आवृत्तीत आली होती; अर्थात तीही स्मृतीच्या जबाबदारीतून सोडवीत नाही. म्हणून नवे एक्सटेन्शन लिहिण्याचे समर्थन एकाच ठिकाणी निर्विवाद ठरते : जेथे पिढीभराच्या श्रमाने सिद्ध झालेले ग्रंथालय हाताशी आहे व त्याचे कार्य पीएचपीत नव्याने लिहिणे अविचाराचे ठरेल. देवनागरीचे मोजमाप हे अशा स्थळाचे उत्तम उदाहरण होय.