ससून ग्रंथालय : नाम आणि इतिहास

मुंबईतील काळा घोडा भागातील डेव्हिड ससून ग्रंथालयाची वर्णने सामान्यतः दात्यापासून आरंभ होतात आणि वास्तुशिल्पापाशी संपतात. मालाडचा पिवळसर दगड, गॉथिक कमानी, प्रवेशद्वारातील ससून यांचा पुतळा, मागील बाग यांचा उल्लेख त्यांत हटकून येतो. ही वर्णने असत्य नव्हेत. परंतु ती अपुरी आहेत, आणि या अपुरेपणाचे एक कारण संस्थेच्या नामातच दडलेले आहे.

संस्थेचा उगम १८४७ मधील. सरकारी टांकसाळ व गोदी येथील तरुण यंत्रकारागिरांनी यंत्रांच्या प्रतिकृती व ग्रंथ यांचा संग्रह करण्यासाठी मंडळ काढले. डेव्हिड ससून यांनी साठ हजार रुपयांची देणगी दिली. ते १८६४ मध्ये वारले आणि इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. खर्च सुमारे सव्वा लाख रुपये. म्हणजे देणगी मोठी असली तरी निम्म्याहून कमीच. तेव्हा नाम होते ‘ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’. त्यात दाता व वाचकवर्ग शेजारी शेजारी उभे होते. १९३८ साली नाम बदलले; दाता राहिला, कारागीर गळाला.

येथे अर्थसंकोचाचाही विचार केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील ‘मेकॅनिक’ म्हणजे कोणताही कुशल यंत्रकारागीर; आज मराठीत तो मुख्यत्वे वाहने दुरुस्त करणारा. जुने नाम ऐकूनही मूळ वाचक आपल्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. शिवाय ‘ससूनची लायब्ररी’ या प्रयोगातील षष्ठी दातृत्वाचा संबंध दाखविते, जनकत्वाचा नव्हे. वर्णनकार मात्र दोहोंची गल्लत करतात.

नवे नाम अधिक व्यापक आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. ‘ग्रंथालय व वाचनगृह’ या शब्दांत व्यवसायाची अट उरत नाही, आणि सार्वजनिकत्वाकडे पडलेले ते पाऊलच होय. परंतु व्याप्ती वाढविण्यासाठी उगमाचे विस्मरण आवश्यक नसते.

२०२३ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात मध्यंतरी घातलेली काँक्रीटची स्लॅब काढून मूळचे उतरते छप्पर पुन्हा उभारण्यात आले. वास्तूच्या बाबतीत जी सचोटी दाखविली गेली, तीच इतिहासलेखनात अपेक्षित आहे. ज्या वाचकांच्या गरजेतून ही संस्था जन्मली, त्यांना वर्णनाच्या पहिल्या वाक्यात स्थान मिळाले पाहिजे.