कोरडा ट्रॅक आणि वादकाचा कान : रीॲम्पिंगमागील एका गृहीताची चिकित्सा

विद्युत्-गिटार हे एका वाद्याचे नाव मानले जात असले, तरी वस्तुतः ते दोन वाद्यांच्या संयोगाचे नाव आहे. तारांचा कंप चुंबकीय पिकअप टिपतो आणि त्याचे विद्युत्-संकेतात रूपांतर करतो. तो संकेत ध्वनिवर्धक, म्हणजे नित्याच्या बोलण्यातला ॲम्प, वाढवतो, वाढवता वाढवता त्याला निराळे रूप देतो आणि स्पीकरच्या द्वारे हवेत सोडतो. श्रोता ज्याला गिटारचा आवाज म्हणतो, तो या दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस जन्मास येतो. घरगुती स्टुडिओत रूढ झालेली रीॲम्पिंगची पद्धती या दोन टप्प्यांची फारकत करते. वादन आज मुद्रित करावे व त्याचा ध्वनिगुण उद्या ठरवावा, असा तिचा आशय आहे. ही फारकत कितपत शक्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम पद्धतीचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. वादक आपली गिटार ऑडिओ इंटरफेसच्या उच्च इंपीडन्सच्या, सामान्यतः सुमारे 1 मेगओहमच्या, प्रवेशात जोडतो आणि पिकअपमधून आलेला संकेत जसाच्या तसा मुद्रित करतो. हा ‘कोरडा’ ट्रॅक होय. वाजवताना त्याच्या हेडफोनमध्ये बहुधा एखाद्या ॲम्पची संगणकीय प्रतिकृती वाजत असते. परंतु ती मुद्रित होतेच असे नाही. पुढे सवडीने तो कोरडा संकेत इंटरफेसमधून बाहेर काढून खऱ्याखुऱ्या ॲम्पकडे पाठवला जातो. व्यावसायिक उपकरणांची प्रमाण पातळी 1.23 व्होल्ट असते. पिकअपचा संकेत सहसा तिच्याहून क्षीण असतो आणि तो उच्च इंपीडन्सच्या उगमातून येतो. म्हणून मध्ये एक लहानशी पेटी लागते. ती पातळी उतरवते, उगमाचा इंपीडन्स वाढवते आणि ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने दोन उपकरणांमधील अर्थिंगचा दुवा तोडून 50 हर्ट्झची गुणगुण टाळते. अखेरीस स्पीकरपुढे मायक्रोफोन ठेवून नव्याने ध्वनिमुद्रण केले जाते. मायक्रोफोन 30 सेंटिमीटरवर असेल, तर ध्वनीला तिथवर येण्यास 1 मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. सेकंदाला 44,100 नमुने घेणाऱ्या मुद्रणात हे अंतर सुमारे 39 नमुन्यांचे होते आणि दोन ट्रॅक एकत्र करताना ते भरून काढावे लागते.

मुळातील कल्पना नवी नाही. 1947 साली शिकागो येथे बिल पुटनम यांनी हार्मोनिकॅट्स या वाद्यवृंदाच्या ‘पेग ओ’ माय हार्ट’ या मुद्रणासाठी स्नानगृहाचा उपयोग प्रतिध्वनिकक्ष म्हणून केला. ध्वनी स्पीकरवाटे एका जागेत सोडावा आणि त्या जागेचा संस्कार घेऊन तो परत यावा, हे तत्त्व तेथे स्पष्ट दिसते. 1990 नंतरच्या दशकात जो सॅट्रिआनी यांचे ध्वनिमुद्रक जॉन क्युनिबर्टी यांनी या कामासाठी खास पेटी सिद्ध केली व तिला ‘रीॲम्प’ हे नाव दिले. विशेषनामाचे क्रियापद व्हावे आणि मूळ पेटीचे नाव अवघ्या पद्धतीला लागावे, यातच तिचा प्रसार कळून येतो. घरगुती स्टुडिओला तर ती वरदानच ठरली. भिंतीला भिंत लागून असलेल्या सदनिकेत रात्री अकराला व्हॉल्व्हचा ॲम्प खऱ्या जोराने वाजवता येत नाही. कोरडा ट्रॅक मात्र केव्हाही मुद्रित करता येतो, आणि उसना आणलेला ॲम्प एका दुपारपुरता पुरतो. मायक्रोफोनची जागा चुकली म्हणून उत्तम वादन वाया जात नाही. हे लाभ निर्विवाद आहेत.

प्रश्न लाभांचा नसून गृहीताचा आहे. ते गृहीत भाषाशास्त्राच्या अभ्यासकास परिचित वाटेल. गुन्नार फँट यांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाग्ध्वनीची उपपत्ती उगम आणि गाळणी अशा दोन अंगांनी मांडली आहे : स्वरतंतू हा उगम, आणि कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी ही गाळणी. ही दोन अंगे विश्लेषणासाठी परस्परांपासून अलग धरता येतात. रीॲम्पिंग नेमके हेच करते; पिकअपचा संकेत हा उगम व ॲम्प ही गाळणी. तथापि उगम म्हणजे बोलणारा माणूस नव्हे. बोलणारा स्वतःचे बोलणे ऐकत असतो. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार यांनी 1911 साली नोंदवले. बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच कानी किंचित उशिरा पडू दिला, तर त्याची वाणी अडखळते, हे बर्नार्ड ली यांनी 1950 साली दाखवून दिले. गाळणीतून बाहेर पडलेला ध्वनी कानावाटे पुन्हा उगमापाशी जातो. विश्लेषणात अलग केलेली अंगे प्रत्यक्ष उच्चारात अशी जोडलेली असतात.

गिटारवादनातही हेच घडते. ॲम्प विकृतीच्या सीमेपलीकडे नेला की स्वर लांबतो, आघात आणि विराम यांतील उंचसखलपणा कमी होतो. वादक मग तार हलकेच छेडतो, स्वर धरून ठेवतो, आणि न छेडलेल्या तारा तळहाताने दाबून ठेवतो, कारण त्यांची क्षीण कुजबुजही आता मोठी होणार असते. स्वच्छ आवाजाच्या ॲम्पवर तोच वादक आघात ठसठशीत करतो आणि स्वर विरण्यापूर्वी पुढचा स्वर घेतो. हे सारे फेरफार बोटांत होतात, म्हणून ते कोरड्या ट्रॅकमध्ये उतरतात. अशा ट्रॅकला उद्या भलताच ॲम्प जोडला, तर लांबण्यासाठी धरलेला स्वर मध्येच विझतो आणि त्याच्या जागी अकारण रिकामी जागा ऐकू येते. श्रोत्याला वादक दुबळा वाटतो. दोष वस्तुतः जोडणीचा असतो.

सीमेवरची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. बीटल्सच्या 1964 मधील ‘आय फील फाइन’चा आरंभ ॲम्पच्या ध्वनीने गिटारची तार पुन्हा कंपित होऊन झालेल्या गुंजनाने होतो. असे गुंजन चालू असताना कोरडा संकेतही मुद्रित केला, तर त्यात तारेचा तो लांबलेला कंप सापडेल. म्हणजे ज्याला कोरडा म्हणायचे त्यातही ॲम्पची ओल असेल. उलट हेडफोन लावून निःशब्द खोलीत वाजवलेल्या ट्रॅकमध्ये ते गुंजन नंतर कोणत्याही ॲम्पने घालता येणार नाही, कारण कंप पावायला तारच तेथे नसते. 1966 साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेस या पेडलचा प्रवेश कमी इंपीडन्सचा असल्याने त्याचा भार थेट पिकअपवर पडतो. गिटारवरील आवाजाची कळ थोडी मागे घेताच त्याची खरखर निवळते. मध्ये साधी रीॲम्प पेटी आली की हा संबंध तुटतो. बीटल्सच्याच 1968 मधील ‘रेव्होल्यूशन’मध्ये तर गिटारी ॲम्पवाचून सरळ मुद्रणाच्या यंत्रणेत घालून ती यंत्रणा मर्यादेपलीकडे ताणली होती. ॲम्प नाही म्हणून त्या मुद्रणाला कोरडे म्हणावे काय?

यावर असा आक्षेप संभवतो की, रीॲम्पिंगने सिद्ध झालेली उत्तम मुद्रणे विपुल आहेत. हे खरे आहे. किंबहुना त्यांच्या यशातच वरील विवेचनाचा पडताळा मिळतो. वाजवताना कानी पडलेला ध्वनी व नंतर जोडलेला ध्वनी यांचे कूळ एक असेल, तर वादकाच्या बोटांनी दिलेले प्रतिसाद सार्थ राहतात. रीॲम्पिंग हे अशा रीतीने संपादनाचे कर्म ठरते, आणि पोथीच्या संपादकास लिपिकाराने समोर कोणती प्रत ठेवली होती हे जसे जाणून घ्यावे लागते, तसे येथेही वादकाने काय ऐकत वाजवले हे जाणणे अगत्याचे ठरते.

यातून घरगुती स्टुडिओपुरता एक साधा नियम निघतो. कोरड्या ट्रॅकबरोबर हेडफोनमधला ध्वनीही मुद्रित करून ठेवावा. तो अंतिम मिश्रणात वापरायचा नसला, तरी साक्ष म्हणून ठेवावा. पेटीतून जाणाऱ्या संकेताची पातळी, तीच गिटार सरळ ॲम्पला जोडल्यावर येणाऱ्या पातळीशी जुळवून घ्यावी. आणि ॲम्प बदलायचाच झाला, तर त्या ॲम्पसमोर वादकाला पुन्हा बसवावे.

ध्वनिगुणाचा निर्णय पुढे ढकलता येतो, ही सोय मोठी आहे. परंतु वादकाच्या कानाने त्या क्षणी एक निर्णय आधीच घेतलेला असतो आणि त्याबरहुकूम बोटे चाललेली असतात. तो निर्णय झालाच नाही असे मानून केलेले रीॲम्पिंग ध्वनी कितीही समृद्ध करो, वादन मात्र त्यात उपरे होऊन राहते.