परक्या सभेतील स्वदेश : आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई यांचे अमेरिकाविषयक व अमेरिकेतील लेखन

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना एम.डी. ही पदवी मिळाली. या समारंभासाठी पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून आल्या होत्या. मराठी स्त्रियांच्या इतिहासात हा प्रसंग गौरवाने नोंदवला जातो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तो आणखी एका कारणासाठी विचारात घ्यावा लागतो. त्या सभागृहातील अमेरिकन श्रोत्यांच्या मनात ‘हिंदू स्त्री’ची प्रतिमा या दोघी तेथे पोहोचण्यापूर्वीच तयार झालेली होती. मिशनरी नियतकालिके आणि धर्मप्रसारासाठी वर्गणी गोळा करणारी मंडळे यांनी बालवधू, केशवपन केलेली विधवा आणि पडद्याआडची स्त्री अशी चित्रे घरोघर पोहोचवली होती. आनंदीबाई आणि रमाबाई यांनी अमेरिकेत जे लिहिले आणि जे उच्चारले, ते सर्व या पूर्वरचित प्रतिमेच्या समोर उभे राहून.

आनंदीबाईंच्या बाबतीत तर ही प्रतिमाच त्यांच्या प्रवासाचे निमित्त ठरली. १८७८ मध्ये कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. तो, धर्मांतराची सूचना असलेल्या उत्तरासह, रॉयल वाइल्डर यांनी आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर यांनी तो अंक दंतवैद्याकडे ताटकळत असताना वाचला आणि त्यातून एक विलक्षण स्नेहसंबंध जुळला. म्हणजे अमेरिकेने आनंदीबाईंना प्रथम वाचले ते मिशनरी मजकुरातील एक उदाहरण म्हणून. कार्पेंटरबाईंचे मोठेपण असे, की त्यांनी उदाहरणापलीकडची व्यक्ती ओळखली. इतर सर्वांना ते जमले असे म्हणता येत नाही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो यावर इंग्रजीत भाषण केले आणि हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असा निर्धार व्यक्त केला. हा निर्धार पुढे त्यांच्या पोशाखात, आहारात आणि प्रबंधातही दिसतो. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. आधुनिक पाश्चात्त्य वैद्यक शिकण्यासाठी गेलेली विद्यार्थिनी तेथील परीक्षकांपुढे संस्कृत परंपरेतील ज्ञान मांडते, ही निवड सूचक आहे. ज्या देशातील स्त्रीला केवळ उपचाराचा विषय मानले जात होते, त्या देशापाशी स्वतःचे शास्त्र होते, एवढे तरी त्यातून नोंदले जावे.

परंतु याच निर्धाराची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. अमेरिकेत मिशनरी कार्याशी संबंधित स्त्रियांच्या सभेत बालविवाहावर बोलण्याची वेळ आली तेव्हा आनंदीबाईंनी त्या प्रथेचे समर्थन केले आणि श्रोत्यांना धक्का बसला. स्वतः नवव्या वर्षी विवाहित झालेल्या, चौदाव्या वर्षी नवजात मूल गमावलेल्या आणि त्याच दुःखातून वैद्यकाकडे वळलेल्या स्त्रीने हे करावे, यात अनेक अभ्यासकांना विसंगती दिसते. विसंगती आहेच, आणि परंपरानिष्ठा म्हणून तिचे कौतुक करणे हा शुद्ध भाबडेपणा ठरेल. तरीही प्रश्न केवळ मतांचा नाही. त्या सभेत बालविवाहावर टीका करणे म्हणजे श्रोत्यांच्या पूर्वग्रहावर साक्षीदाराची सही करणे होते. आनंदीबाईंनी सही नाकारली, पण त्या नकाराची किंमत त्यांनी आपल्या अनुभवाने चुकवली. जे त्यांना सर्वांत जवळून ठाऊक होते तेच त्यांना त्या व्यासपीठावर सांगता आले नाही.

रमाबाईंनी नेमका उलट मार्ग घेतला, असे सामान्यतः मानले जाते. जून १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी ग्रंथात बालपण, विवाहित जीवन, धर्म व समाजातील स्थान, वैधव्य अशा प्रकरणांतून स्त्रीच्या आयुष्याचा आलेख येतो आणि शेवटी अमेरिकन वाचकाला मदतीचे आवाहन केले जाते. ग्रंथाचा भर धर्मशास्त्रावर, विशेषतः मनुस्मृतीवर आहे. शीर्षकातील ‘उच्चवर्णीय’ हे विशेषण मर्यादा घालणारे आहे. शेतात राबणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या स्त्रीचे हे चित्र नव्हे, असे ते बजावते. वाचकांनी ही मर्यादा फारशी मनावर घेतली नाही. त्यांच्या लेखी ही सरसकट भारतीय स्त्री झाली. आणखी एक ताण संहितेतच आहे. शास्त्राध्ययनापासून स्त्रीला दूर ठेवले गेले, हे सांगणाऱ्या लेखिकेला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती. आणि ग्रंथ ज्या आईच्या स्मृतीस अर्पण केला आहे, त्या लक्ष्मीबाई डोंगरे यांनीच लेकीला संस्कृत शिकवले होते. ग्रंथातील सर्वसाधारण विधानाला ग्रंथाची अर्पणपत्रिकाच अपवाद ठरते.

ग्रंथाला महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांची प्रस्तावना आहे. तोवर (२६ फेब्रुवारी १८८७ रोजी) आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले होते, आणि बॉडलींच्या लेखनात या दोघी मिळून एका प्रदीर्घ मौनाचा भंग करणाऱ्या स्त्रिया ठरतात. भावना प्रामाणिक आहे. इतिहास म्हणून ती टिकत नाही. १८५५ मध्ये मुक्ताबाईंचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध ‘ज्ञानोदया’त आला होता, त्याच्या आदल्या वर्षी सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला होता, ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापले गेले होते आणि त्याच वर्षी खुद्द रमाबाईंचे ‘स्त्री-धर्मनीति’ही. मौन होते ते इंग्रजी वाचकाच्या कानापुरते. पण अशा प्रस्तावनेसह ग्रंथ वाचला गेला की बोलणारी स्त्री ही नियमाला अपवाद ठरते आणि नियम अधिकच पक्का होतो.

तेव्हा बचाव आणि टीका अशी दोन टोके कल्पून या दोघींची तुलना करणे अपुरे आहे. दोघींच्याही इंग्रजी उद्गारांचा श्रोता एकच होता आणि अर्थनिर्णयाची सत्ता त्याच्याकडे होती. बचाव केला तर तो हट्टी अज्ञान ठरे, टीका केली तर तो कबुलीजबाब ठरे. टीकेला निधी मिळत असे, हा भेदही विसरून चालणार नाही. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षांच्या साहाय्याची हमी घेतली आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांच्या शाळेचे दगडविटा त्या ग्रंथाने पुरवले. हे साधन रमाबाईंनी जाणतेपणाने वापरले. त्यासाठी त्यांना दोष देण्याचा अधिकार घरबसल्या देशाभिमान्यांना नाही. मात्र साधनाचा स्वभाव पुढे उघड झाला. १८९५ मध्ये ब्रुकलिन येथे स्वामी विवेकानंद आणि तेथील रमाबाई मंडळ यांच्यात हिंदू विधवांच्या स्थितीवरून वृत्तपत्रांतून वाद पेटला. एक पक्ष देशाची प्रतिष्ठा सांभाळत होता, दुसरा विधवांचा कैवार घेत होता. आणि रमाबाई स्वतः त्या वेळी हजारो मैल दूर होत्या.

या कोंडीतून बाहेर पडणारी संहिता रमाबाईंनीच लिहिली, पण ती मराठीत. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडले. शीर्षकातील शब्दक्रम पाहण्याजोगा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. एखाद्या समाजाची ‘स्थिती’ न्याहाळून तिचा अहवाल देणे हे तोवर राज्यकर्त्यांचे आणि मिशनऱ्यांचे काम होते. येथे एक मराठी स्त्री तेच काम अमेरिकेच्या बाबतीत करते. शासनव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ, परोपकारी संस्था आणि स्त्रियांची स्थिती यांचा ती आढावा घेते. प्रजासत्ताकाबद्दल तिला मनापासून आदर आहे. साम्राज्याच्या प्रजेला तो वाटावा यात नवल नाही. परंतु मूळ रहिवाशांवरील अन्याय, गुलामगिरीचा वारसा, वर्णद्वेष यांकडे ती डोळेझाक करत नाही. टोप्यांवर मृत पक्षी मिरवण्याची तेथील स्त्रियांची हौसही तिच्या नजरेतून सुटत नाही. सुधारलेल्या घरातील हे क्रौर्य दाखवताना तिचा उपरोध कमालीचा संयत असतो.

पुस्तकाचा खरा गाभा स्त्रियांवरील प्रकरणात आहे. अमेरिकन स्त्रीला मिळालेले शिक्षण, व्यवसाय आणि संघटनेची शक्ती ही ख्रिस्ती संस्कृतीची आपोआप मिळालेली देणगी नसून विरोध सोसून मिळवलेली गोष्ट आहे, असे तेथील मांडणीतून दिसते. येथे साचेबंद प्रतिमेचे मूळच उखडले जाते. कारण त्या प्रतिमेचा आधार ‘ते असे आहेत, आम्ही तसे नाही’ या तुलनेत होता. अमेरिकन स्त्रीलाही कालपर्यंत दारे बंद होती, हे दाखवले की दोन समाजांतील अंतर स्वभावाचे न राहता काळाचे आणि प्रयत्नांचे होते. हॅरिएट मार्टिनो यांनी १८३७ च्या ‘सोसायटी इन अमेरिका’ या ग्रंथात त्या राष्ट्राला त्याच्याच जाहीर तत्त्वांच्या कसोटीवर घासले होते. रमाबाईंची पद्धत तिच्याशी नाते सांगते. फरक एवढाच, की मार्टिनोंच्या पाठीशी एका सत्ताधीश देशाची निर्धास्त ओळख होती.

हे उत्तर ज्यांच्या पूर्वग्रहाला होते त्यांना मात्र ते वाचता येत नव्हते. मराठी वाचकाला त्यातून अमेरिका कळली. अमेरिकन वाचकाजवळ रमाबाईंचे म्हणून ‘हाय-कास्ट हिंदू वुमन’च राहिले. मराठीतही धर्मांतराच्या आणि शारदा सदनाच्या वादांच्या गदारोळात हे पुस्तक दीर्घकाळ बाजूला पडले. त्याची इंग्रजी भाषांतरे निघाली ती २००३ मध्ये, त्यांतील एक मीरा कोसंबी यांचे. मधल्या ११४ वर्षांत न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, जेथे आनंदीबाईंच्या अस्थी विसावल्या आहेत, तेथील शिळेवर त्यांची ओळख शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशीच कोरलेली होती.