महामारीचा जमाखर्च

साथीच्या रोगावर लिहिणाऱ्या लेखकाला मृत्यूचें वर्णन करण्याचा मोह सहसा आवरत नाहीं. डॅनियल डेफो यालाही तो आवरला आहे असें नाहीं. प्रेतांच्या गाड्या, उघडे खड्डे, रस्त्यांतून ओरडत फिरणारे वेडे, सारें त्याच्या ‘ए जर्नल ऑफ द प्लेग इयर’ या पुस्तकांत आहे. परंतु १७२२ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक तीनशें वर्षांनंतरही वाचवतें तें या प्रसंगांमुळें नव्हे. गांवांत साथ असतां मांस कसें विकत घ्यावें हें त्यांत सांगितलें आहे, म्हणून तें वाचवतें. गिऱ्हाइकानें खाटकाच्या हातून मांस न घेतां आंकड्यावरून स्वतःच काढून घ्यावयाचें. खाटकानें पैशाला हात न लावतां तो व्हिनेगरच्या भांड्यांत टाकवावयाचा. आणि पैसे परत घेण्याची वेळ येऊं नये म्हणून गिऱ्हाइकानें मोड जवळ बाळगावयाची. २०२० सालीं ज्यांनीं दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यानें धुतल्या, त्यांना हें वर्णन परकें वाटणार नाहीं.

१६६५ च्या प्लेगांत लंडन न सोडलेल्या एका खोगिरांच्या व्यापाऱ्याचीं हीं टिपणें आहेत, असें पुस्तकाचें सोंग आहे. वस्तुतः त्या सालीं डेफो पांचएक वर्षांचें पोर होता. १७२० सालीं मार्सेय येथें प्लेग उद्भवल्यावर लंडनांत जी धास्ती पसरली, तिच्यावर नजर ठेवून त्यानें हें लिहिलें. यास कोणी लबाडी म्हणतात. आम्हांस हा आक्षेप फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. मृतांच्या साप्ताहिक याद्या व नगराधिकाऱ्यांचे हुकूम त्यानें अस्सल घेतले आहेत. कल्पित आहे तो निवेदक, आणि त्याची निवड हेंच लेखकाचें खरें कसब आहे. व्यापारी मनुष्य साथीकडे जमाखर्चाच्या नजरेनें पाहतो. प्रथम कोणाचें पोट बुडालें? फिती, लेस, हातमोजे करणाऱ्यांचें, मग गवंडी-सुतारांचें, बंदर ओस पडल्यावर खलाशी व हमाल यांचें, आणि मालकांनीं घरें सोडल्यावर नोकरचाकरांचें. हींच माणसें पुढें शुश्रूषेला, पहाऱ्याला आणि प्रेतें उचलण्याला पुढें आलीं. त्यांचें धैर्य हें उपासमारीचें धैर्य होतें हें डेफोनें ओळखलें, ही त्याची मोठीच समज होय. अधिकृत यादींतील वर्षाचे ६८,५९६ प्लेगबळीही या व्यापाऱ्याला पटत नाहींत. त्याच्या मतें ते लाखभर तरी असावेत.

पण हीच वही एके ठिकाणीं अंगावर कांटा आणते. तीस-चाळीस हजार गरीब साथींत मेले नसते तर त्यांचा भार शहराला असह्य झाला असता, असें निवेदक अगदीं शांतपणें नोंदवून जातो. येथें डेफो आपल्या पात्राला उघडें पाडीत आहे असें कांहीं टीकाकार म्हणतील. आम्हांस तसा पुरावा मजकुरांत सांपडत नाहीं.

रोग्यासह सबंध कुटुंब कोंडून दारावर पहारेकरी बसवण्याच्या रीतीला त्याचा विरोध आहे. लोक युक्तीनें पळतात आणि वरून निरोगी दिसणारेही रोग पसरवतात, मग कुलुपाचा उपयोग काय, असा त्याचा प्रश्न. १८९७ सालीं पुण्यांत उलट प्रकार होता: सोजीर घरांत शिरत आणि माणसांना बाहेर काढून छावणींत नेत. दोहों ठिकाणीं लोकांची चीड रोगापेक्षां बंदोबस्तावर अधिक होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पुस्तकांत प्रकरणें नाहींत, पुनरुक्ति पुष्कळ आहे, आणि मधला भाग कंटाळवाणा आहे. मात्र तिघा कारागिरांची गोष्ट कोणी वगळूं नये. एक बिस्किटें भाजणारा, एक शिडें शिवणारा, एक सुतार. तिघे तंबू घेऊन लंडनाबाहेर पडतात आणि प्रत्येक गांव त्यांना वेशीवर अडवतें. सारा देश माझी जन्मभूमि असतां मला वाट कां नाहीं, असें त्यांतला एकजण विचारतो. शेवटीं काठ्यांच्या बंदुका करून आणि जागोजाग शेकोट्या पेटवून, आपण मोठी टोळी आहों असें भासवल्यावरच त्यांना भाकरी मिळते. हा विनोद वाचतांना आपल्याकडील वाचकाला हंसूं येणें कठीण आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत जालन्याहून मध्य प्रदेशांतल्या आपल्या गांवीं जाण्यास पायीं निघालेले सोळा मजूर ८ मे रोजीं करमाडजवळ रुळांवर झोंपले असतां मालगाडीखालीं सांपडले.

डेफोची खरी उणीव घराच्या आंत आहे. थेम्सवर होडी चालवणारा रॉबर्ट मिळकत नि अन्न घराजवळच्या दगडावर ठेवतो, दुरून बायकोला हांक मारतो आणि तिची वाट पाहत थांबतो. निवेदकाचे डोळे भरून येतात, आपलेही येतात. बायको स्वतः आजारी, एक मूलही आजारी. सारें ओझें एका खेपेंत नेण्याचें त्राण तिच्यांत नाहीं, म्हणून बिस्किटांच्या पिशवीपाशीं लहानग्याला राखणीला बसवून ती पुन्हा येते. हा तपशील डेफोला दिसला, हें त्याचें श्रेय. परंतु त्या घरांत चूल कोणी पेटवली, आजाऱ्याचे कपडे कोणी धुतले, रात्रीं मुलाला काय सांगितलें, यांतलें एकही कलम या वहींत नाहीं. लेखक नवऱ्याबरोबर नदीकांठींच उभा राहतो.