शेजार बदलला की निकाल बदलतो

वारली चित्रकलेवरचा लेख उघडावा, तर बहुतेकदा सुरुवातीलाच भीमबेटकाच्या गुहांमधली प्रागैतिहासिक चित्रं भेटतात. त्रिकोणी धडं, काडीसारखे हातपाय. साम्य डोळ्यांत भरतं आणि कला ‘आदिम’ ठरते. आदिम म्हटलं की तिचा कर्ता कोण, ती कधी बदलली, हे विचारायचंच राहून जातं. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७ मधल्या अभिरुचीवरच्या निबंधात, ज्याने तुलना केलेली नाही त्याला कलेवर निवाडा देण्याचा अधिकारच नाकारला. ते मान्यच आहे. पण कशाशी तुलना करायची ही निवडच अर्धा निवाडा करून ठेवते, आणि जव्हार-मोखाड्याच्या परिसरातल्या कलांवरचं लेखन त्या निवडीचं कारण क्वचितच सांगतं. गुहा बाजूला ठेवून वारली चित्रासमोर लग्नाचा चौक ठेवून पाहावा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो काढतात. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हीच रेषा लग्नाबाहेर, कागदावर नेली. चौकट सुटली, माणसं पृष्ठभर पसरली, तारपा या फुंकवाद्याभोवतीचा फेर गोगलगाईच्या शंखासारखा उलगडला. एका पुरुषाने बायकांच्या विधीतल्या चित्रभाषेत केलेला हा धाडसी बदल गुहेशेजारी उभं राहून दिसणं शक्य नाही.

चुकीच्या शेजाराने बोहाडा या मुखवट्यांच्या सोंगनाचाचं झालेलं नुकसान याहून मोठं आहे. होळीनंतरच्या दिवसांत जव्हार-मोखाड्यात देवादैत्यांची सोंगं मुखवटे चढवून, संबळाच्या ठेक्यावर रात्रभर नाचतात. सिंधुदुर्गाच्या दशावताराशी ताडून पाहिलं, की बोहाडा संवाद हरवलेलं, अर्धवट नाटक वाटू लागतो. कारण दशावताराचा जीव नटाच्या उत्स्फूर्त बोलण्यात आहे. इथे मात्र सोंगाची ओळख पावलात, मानेच्या झोकात आणि त्या-त्या ठेक्यात असते. सीमेपलीकडच्या, गुजरातेतल्या डांगमधल्या भवाडा या मुखवटानाचाशेजारी तो ठेवला, तर संवादांचं उणेपण उणेपण राहतच नाही. मग एका सोंगाची चाल दुसऱ्याहून कशी वेगळी, हा खरा प्रश्न समोर येतो.

यावर आक्षेप येईल की दूरच्या तुलनांनीच वारली कलेला मान मिळवून दिला. म्हसे १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात झळकले, २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांची चित्रं मांडली गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हे खरं आहे, आणि मोलाचंही. पण लाँगशी झालेली जोडणी मला पटते ती निराळ्या कारणाने: दोघेही तेव्हा हयात, दोघेही जमिनीवरच्या वाटा-वर्तुळांत रमणारे, आणि म्हसे पाहिल्यावर लाँगही वेगळा दिसू लागतो. गुहेची तुलना असं उलट काही देत नाही. तत्त्वज्ञ विट्गेनस्टाईनने नमुना हा मोजपट्टीसारखा बाजूला धरावा, वास्तवाने त्याच्यात बसलंच पाहिजे असा हट्ट नको, असं बजावलं होतं. अंतर हा दोष नव्हे. एका बाजूनेच मोजणं हा दोष. शेजार एकाच कलेच्या आतही शोधता येतो: बोहाड्यात जड लाकडी मुखवट्यांच्या जोडीला कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे आले. त्याने नाचणाऱ्याची मान, पाऊल, दम किती बदलला, हे जुनं-नवं सोंग शेजारी ठेवूनच कळेल, आणि समीक्षेने हे काम अजून पुरतं हाती घेतलेलं नाही.