मृत्यूचा दाखला: ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ या चित्रपटाविषयी

मागच्या व्याख्यानानंतर एकानं मला विचारलं, ‘सर, सरकारनं केलेली हिंसा पडद्यावर दाखवायची तर रक्त किती दाखवायचं?’ आज त्याच प्रश्नाकडे एका चित्रपटातून जाऊ. वॉल्टर सालेसचा २०२४ चा ब्राझिलियन चित्रपट, ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’.

ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती. रुबेन्स पायवा हे इंजिनिअर, माजी खासदार. १९६४ च्या सत्तापालटानंतर त्यांची खासदारकी काढून घेतली गेली. २० जानेवारी १९७१ ला रिओमधल्या घरातून त्यांना ‘चौकशीसाठी’ नेलं. ते परत आले नाहीत. त्यांच्या मुलानं, मार्सेलोनं, पुढे आईवर पुस्तक लिहिलं. त्यावर हा चित्रपट आहे.

आता बघा, माणसं न्यायला येतात तो प्रसंग. साध्या कपड्यातले लोक, बोलणं सभ्य. ते येतात आणि घराचे पडदे ओढून घेतात. तोवर त्या घरात समुद्राचा उजेड होता, पोरं वाळूचे पाय घेऊन आतबाहेर करत होती. युनिस, म्हणजे पायवांची बायको, या लोकांना जेवायला विचारते! आपल्याकडेही दारात आलेल्याला आपण तसंच विचारू. म्हणून तो प्रसंग अंगावर येतो.

पुढे युनिसला आणि तिच्या एका मुलीला नेतात. युनिस बारा दिवस कोठडीत असते. छळ आपण बघत नाही, भिंतीपलीकडून ऐकतो. सालेसला धक्का द्यायचा नाहीये. त्याला दाखवायचंय की हिंसा माणूस नेल्यावर संपत नाही, तिथून ती सुरू होते.

कशी? युनिस बँकेत जाते. पैसे नवऱ्याच्या खात्यात. त्याची सही आणा, नाहीतर मृत्यूचा दाखला आणा. सरकार म्हणतं, तो आमच्याकडे नाहीच. म्हणजे तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. बेपत्ता करणं म्हणजे काय, ते एका काउंटरवर कळतं.

इथे मला शाजी करुण यांचा १९८९ चा ‘पिरवी’ आठवतो. आणीबाणीत केरळात राजन हा विद्यार्थी पोलिसांनी नेला, त्याचा मृतदेहही मिळाला नाही. त्या प्रकरणाची सावली या चित्रपटावर आहे. त्यातला म्हातारा बाप रोज बसथांब्यावर मुलाची वाट बघत बसतो. ‘पिरवी’ वाट बघण्याचा चित्रपट आहे. युनिस मात्र वाट बघत नाही. ती कायदा शिकते, वकील होते, आणि १९९६ मध्ये दाखला मिळवते. तो हातात घेऊन ती हसते. आधीही छायाचित्रकाराला उदास चेहरे हवे असताना तिनं पोरांना हसायला लावलेलं असतं. फर्नांडा टोरेसचा सगळा अभिनय या न ढळण्यात आहे.

पण माझी एक तक्रार आहे. हे सुखवस्तू घर आहे. घरकाम करणारी झेझे सतत दिसते, तिच्या आयुष्याबद्दल मात्र काही कळत नाही. ब्राझीलच्या सत्यशोधन आयोगानं २०१४ मध्ये मृत आणि बेपत्ता मिळून ४३४ नावं दिली. त्याच अहवालात १९४६ ते १९८८ या काळात किमान ८,३५० आदिवासी मारले गेल्याचा अंदाज आहे. ते या ४३४ मध्ये नाहीत. आणि युनिसनं वकील म्हणून काम केलं ते आदिवासींच्या हक्कांसाठीच! चित्रपट ते ओझरतं सांगून पुढे जातो. जिला एका दाखल्याची किंमत कळली, ती दाखलाच नसलेल्यांकडे गेली. हा धागा इतका बारीक का ठेवला? घराबाहेर पडायची खरी वाट तीच होती.

तरीही हा चित्रपट बघाच. जानेवारी २०२५ मध्ये, तो थिएटरात चालू असताना, पायवांच्या दाखल्यात दुरुस्ती झाली: मृत्यू हिंसक, तो राज्यसंस्थेनं घडवला, असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं. युनिस २०१८ लाच गेल्या होत्या.

तेव्हा रक्त किती दाखवायचं? मला वाटतं, ते कुणाच्या नावावर लिहिलं गेलं आणि कुणाच्या नाही, हे दाखवायचं. यावर आता तुमचे प्रश्न घेऊ.