तलवारीपुढे पिस्तूल

टिकल्यांचे पिस्तूल उजव्या हातात आणि कामटीची तलवार डाव्या हातात, असा वीर दिवाळीत कोणत्या अंगणात दिसत नाही? परभणीच्या नानलपेठेत दिसतो, तसा जिंतूर-सेलूकडच्या खेड्यांतही दिसतो. ही दोन शस्त्रे दोन निराळ्या युगांची आहेत, हे त्याच्या गावीही नसते. या बालसुलभ गोंधळावर एक अख्खा खेळ उभारण्याचे धाडस अक्वायर या जपानी कंपनीने केले. ‘सामुराई वेस्टर्न’ हा तो खेळ. २००५ साली तो प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी निघाला.

वाचक म्हणतील, टीकालेख लिहावा तो कादंबरीवर, नाटकावर. टीव्हीला जोडून खेळायच्या खेळावर कसली आली टीका? पण कीर्तनाहून आलेल्या मुलाला आपण ‘बुवांनी आज काय सांगितले?’ असे विचारतोच ना? मग ज्या खेळापुढे तेच मूल जेवणाच्या हाका विसरून बसते, तो खेळ काय सांगतो हे विचारायला काय हरकत आहे?

गोष्ट साधी आहे. गोजिरो नावाचा सामुराई भावाच्या शोधात समुद्र ओलांडून अमेरिकेच्या पश्चिमेकडील रानटी मुलखात येतो. तिथे जो तो पिस्तूलधारी. याच्याजवळ फक्त तलवार. काळाच्या हिशेबाने ही भेट अशक्य मुळीच नव्हे. अमेरिकेत कोल्ट कंपनीचे ते सुप्रसिद्ध सहाबारी पिस्तूल १८७३ साली निघाले, आणि १८७६ साली जपानच्या मेइजी सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावून हिंडण्याची बंदी केली. एकाच दशकात इकडे एकाच्या कमरेची तलवार सुटत होती आणि तिकडे दुसऱ्याच्या कमरेला पिस्तूल चढत होते. केवढे नाट्य आहे या योगायोगात! ज्याचे शस्त्र त्याच्या स्वतःच्या देशात कालबाह्य ठरले, तो माणूस ते घेऊन नेमका बंदुकीच्या राज्यात उतरतो. एखाद्या चांगल्या कादंबरीकाराच्या हाती हे बीज पडते, तर त्यातून करुण रस पाझरला असता.

खेळात तो पाझरत नाही. याचे कारण एका कळीत आहे. गोळी सुटली की ती कळ दाबावी. गोजिरो अंग चोरतो आणि गोळी निघून जाते. पुन्हा गोळी, पुन्हा कळ. पहिल्या घटकेला याची गंमत वाटते, आणि ती गंमत मी नाकारीत नाही. चुकवणे, पुढे सरणे, वार करणे यांना एक ताल आहे, आणि चांगल्या विटीदांडूपटूला लाभतो तसा आनंद तो ताल साधल्यावर मिळतो. परंतु गोळीचे भय उरले नाही की तलवारीचे शौर्यही उरत नाही. समोरच्या पिस्तुलात जर मरणच नसेल, तर त्याच्यासमोर छाती काढून उभे राहण्यात पुरुषार्थ कोणता?

आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना बंदुकीचे अप्रूप असे कधी वाटले नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपेपर्यंत रझाकारांचा धाक मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांनी सोसला, आणि त्या आठवणी आजीआजोबांकडून नातवंडांपर्यंत आल्या. गोळी कळ दाबून चुकवता येते, हे त्या पिढीला सांगून पाहा!

आता हेच दोन शस्त्रांचे द्वंद्व खऱ्या कलावंताच्या हाती कसे खुलते ते पाहावे. अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) या चित्रपटात दरोडेखोरांजवळ बंदुका आहेत अवघ्या तीन. सातांपैकी चार सामुराई मरतात आणि चौघेही मरतात ते बंदुकीच्या गोळीनेच. तलवारीने एकालाही कोणी मारू शकत नाही. त्यांतला क्यूझो हा तर तलवारीचा सिद्धपुरुष. रात्री एकटा जाऊन तो शत्रूची एक बंदूक घेऊन येतो, आणि शेवटच्या लढाईत गोळीनेच पडतो. कुरोसावाने यावर कोणाकडून भाष्य करविलेले नाही. त्याची गरजच नाही.

पुढे ‘योजिम्बो’ (१९६१) मध्ये त्याने पिस्तूल थेट खलनायकाच्या हाती दिले. उनोसुके ते किमोनोच्या आत उबेला ठेवल्यासारखे बाळगतो. ते बाहेर आले की सगळे गाव गप्प होते. नायक अखेर सुरी फेकून त्याचा हात निकामी करतो, आणि मरताना उनोसुके काय मागतो, तर ते पिस्तूल! नायक ते त्याच्या हाती देतोही. याच कथेवरून १९६४ साली सर्जिओ लिओनीने ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला. तोहो कंपनीने दावा केला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. ‘योजिम्बो’चा नायक तोशिरो मिफुने पुढे ‘रेड सन’ (१९७१) मध्ये तलवार घेऊन खरोखरच अमेरिकेत अवतरला. गोजिरोचा वडीलभाऊ म्हणावा तर तोच. आणि ‘सेव्हन सामुराई’चा वंश ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) या वाटेने आपल्या ‘शोले’पर्यंत (१९७५) येऊन पोहोचला, हे तर सर्वश्रुतच आहे. रामगढच्या ठाकूरला तलवार धरायला हातच ठेवले नाहीत. पटकथाकारांनी ते जाणूनबुजून योजले असो वा नसो, मला मात्र त्यात मोठा अर्थ दिसतो.

पण खरे न्यून तलवार-पिस्तुलाच्या पलीकडे आहे. ‘सेव्हन सामुराई’तले शेतकरी आठवा. रक्षण करणाऱ्यांच्या पानात तांदूळ वाढून स्वतः भरड धान्यावर दिवस काढणारी ती माणसे. जोंधळ्याच्या मुलखातल्या प्रेक्षकाला ती परकी वाटतच नाहीत. शेजारच्या आखाड्यावरचीच वाटतात. पावनखिंडीची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो, तीही बाजीप्रभूंचे हात किती वेगाने चालले यासाठी ऐकत नाही. राजे विशाळगडावर पोहोचले की तोफेचे बार होतील, त्या बारांकडे आपले कान लागलेले असतात. तलवारीमागे कोणीतरी असावे लागते. गोजिरोपुढे येणारी माणसे बहुतेक मारण्यापुरतीच येतात. एक टोळी संपली की दुसरी. ज्याच्यासाठी जीव धोक्यात घालावा असे गाव, असे शेत, असे लेकरू खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. भावाचा शोध आहे खरा, पण तो मारामारीच्या दोन फेऱ्यांमधला दुवा म्हणून.

याच जातीचा दुसरा खेळ म्हणजे युबिसॉफ्टचा ‘रेड स्टील २’. तो २०१० साली वी या यंत्रासाठी आला. त्यात नायकाजवळ तलवारही आहे आणि पिस्तूलही, आणि तलवार चालवायची तर खेळणाऱ्याला हातातले उपकरण खरोखर फिरवावे लागते. कथेच्या बाजूने तोही कृशच. आपल्या घराण्यातला अखेरचा उरलेला वीर आणि त्याचा सूड, एवढेच. तथापि दांडपट्ट्याचे हात पाहिलेल्या माणसाला त्यातला घाम कळेल. अर्ध्या तासात मनगट भरून येते. ‘सामुराई वेस्टर्न’मध्ये दुखतो तो फक्त अंगठा.

दोन्ही यंत्रे आता जुनी झाली. तरी कोणाच्या घरी एखादे टिकून असेल आणि सुटीत मुले गोजिरोला घेऊन बसली असतील, तर त्यांना उठवू नये. मात्र रात्री फराळाची ताटे आवरल्यावर त्यांच्याबरोबर ‘योजिम्बो’ लावावा. दोन तासांच्या आत संपतो. उनोसुके पिस्तूल बाहेर काढतो तिथे मुले आपसांत काय बोलतात, ते मात्र जरूर ऐकावे.